मुलगी आणि इंजिनिअरिंग : ठाणे–नवी मुंबईतल्या पालकांचे आणि मुलींचे वारंवार येणारे प्रश्न

आम्ही काही नोकरदार इंजिनिअर बायका शनिवारी ठाणे आणि नवी मुंबईतल्या शाळांत जातो. आठवी ते बारावीच्या मुलींशी बोलतो, पालक आले तर त्यांच्याशीही. मी स्वतः ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात देखभाल विभागात काम करते. प्रश्न बहुतेक तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं ठरलं. मुलींचे आणि पालकांचे प्रश्न मुद्दाम वेगळे केलेले नाहीत. घरात बसून दोघांनी मिळून वाचावेत.

मुलगी आठवीत आहे, गणितात बरी आहे. आतापासून कोणता क्लास लावू?

एवढ्यात क्लास नको. त्या फीचा छोटासा भाग खर्च करून तिला एक पेटी आणून द्या. त्यात टेस्टर, स्क्रू ड्रायव्हरचा संच, पकड, एक-दोन पाने, मोजायची टेप आणि साधा मल्टिमीटर असू द्या. घरात बंद पडलेली इस्त्री, जुना मिक्सर, भंगारात निघालेला टेबल फॅन असेल तर प्लग काढून तो तिला उघडू द्या. पुन्हा जोडता आला नाही तरी चालेल. मायक्रोवेव्ह आणि जुना डबा टीव्ही मात्र उघडू देऊ नका. त्यातले कपॅसिटर प्लग काढल्यावरही जोरदार झटका देतात.

हे आधी सांगण्याला कारण आहे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉप असतं. लोखंडी पट्टी कानशीने घासून काटकोनात आणायची, लाकडाचा सांधा करायचा, वायरिंग करायचं. ज्याने दहाव्या वर्षी सायकलची चेन बसवली, बाबांसोबत फ्यूज बदलला, त्याचा हात तिथे सहज चालतो. जिच्या हातात घरी कुणी पाना दिलाच नाही ती अडखळते. बघणाऱ्याला वाटतं, मुलांना हे उपजत येतं. मुलीलाही तसंच वाटतं, आणि हे तिला वाटणं सगळ्यात जास्त नुकसान करतं. हा फरक चार-पाच वर्षांच्या सवयीचा आहे. सवय घरी लावता येते.

दुसरी गोष्ट ड्रॉइंगची. वस्तू समोरून, वरून आणि बाजूने कशी दिसेल हे कागदावर काढायचं आणि तीन आकृत्यांवरून अख्खी वस्तू डोळ्यांपुढे उभी करायची. पहिल्या सत्रात भल्याभल्या हुशार मुलांना हा विषय रडवतो. अमेरिकेतल्या मिशिगन टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटीत प्राध्यापक शेरिल सॉर्बी यांनी १९९३ पासून यावर काम केलं. घनाकृती मनात फिरवून बघायच्या चाचणीत जी मुलं-मुली मागे पडत होती, त्यांच्यासाठी त्यांनी छोटा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात मुलींचं प्रमाण जास्त होतं. सरावानंतर त्यांचे गुण सुधारले, आणि इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडण्याचं प्रमाणही कमी झालं. म्हणजे ही नजर शिकवता येते.

आपल्याकडे ती शिकवायला वेगळं साहित्य लागत नाही. दिवाळीत विकतचा आकाशकंदील आणण्याऐवजी पुठ्ठ्यावर आखून, कापून, दुमडून घरी करा, आणि आखणी मुलीला करू द्या. सपाट कागदातून षटकोनी कंदील उभा करताना कुठली कड कुठल्या कडेला चिकटणार हे आधी ओळखावं लागतं. भाजी चिरताना दुधी आडवा कापला तर काप गोल येतो. तोच तिरपा कापला तर कसा येईल, हे तिला आधी कागदावर काढायला सांगा आणि मग कापून बघा. पुढे ड्रॉइंगच्या तासाला ‘सेक्शन’ शिकवतील तेव्हा ती दचकणार नाही.

मी पहिल्या पाचात नसते. इंजिनिअरिंग खूप हुशार मुलींसाठीच असतं ना?

नाही गं. तुला एखादं गणित सुटलं नाही तर तू दुसऱ्या दिवशी परत त्याच्याकडे जातेस का, एवढं स्वतःला विचार. जात असशील तर तुझं भागेल. महाराष्ट्रात पदवीच्या प्रवेशाला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के ही किमान अट असते. चांगलं कॉलेज मिळायला अर्थात जास्त लागतात. पण दार कुठे आहे ते माहीत असावं.

शाळेत एक गोष्ट मी कायम बघते. मुलाला साठ मिळाले की तो म्हणतो, अभ्यास केला नव्हता. मुलीला सत्तर मिळाले की ती म्हणते, मला गणित जमत नाही. हे वाक्य तू बोलत असशील तर आजपासून बंद कर. त्याऐवजी कुठला धडा जमला नाही त्याचं नाव घे. धड्यावर काम करता येतं.

अकरावीला काय घ्यावं?

गणित सोडू नका. ‘फक्त बायोलॉजी घेते, गणिताचं टेन्शन नको’ असं करून पुढे पस्तावलेल्या मुली दरवर्षी भेटतात. मन पक्कं नसेल तर दोन्ही घ्यावेत. ओझं होतं, पण वाट बंद होत नाही.

राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, २०० गुणांची असते : गणिताला १००, फिजिक्स आणि केमिस्ट्रीला प्रत्येकी ५०. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रश्न बारावीच्या अभ्यासक्रमावर जास्त आणि अकरावीच्या ठरावीक धड्यांवर सुमारे वीस टक्के असतात, म्हणून अकरावी वाया घालवू नये. प्रवेशफेऱ्यांचे नियम जवळजवळ दरवर्षी थोडे बदलतात. शेजारच्या दादाने मागच्या वर्षी काय केलं यावर विसंबू नका, त्या वर्षीची सीईटी कक्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

दहावीनंतर डिप्लोमा कमी दर्जाचा असतो का?

असं म्हणणाऱ्यांनी कारखान्यात एक दिवस घालवावा. डिप्लोमाची मुलगी अठरा-एकोणीस वर्षांची असताना सर्किट हाताने जोडून बसलेली असते. प्रवेश दहावीच्या गुणांवर मिळतो, अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो, आणि पुढे शिकायचं असेल तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. सरकारी तंत्रनिकेतनाची फी तर खाजगी क्लासच्या फीपेक्षाही कमी पडते. जिला पुस्तकापेक्षा प्रयोगशाळा आवडते, किंवा जिच्या घरी लवकर कमावणं गरजेचं आहे, तिच्यासाठी ही वाट उत्तम आहे.

सुरेखा यादव यांचं उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. साताऱ्याच्या शेतकरी घरातली मुलगी. कऱ्हाडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, रेल्वेची परीक्षा दिली आणि प्रशिक्षणासाठी कल्याणला आल्या. आशियातल्या पहिल्या महिला लोको पायलट म्हणून आज त्या ओळखल्या जातात. आधी मालगाडी, मग २००० साली मध्य रेल्वेची लेडीज स्पेशल लोकल, ८ मार्च २०११ ला डेक्कन क्वीन, आणि मार्च २०२३ मध्ये सोलापूर–मुंबई वंदे भारत. २०२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या. आपण रोज ज्या रुळांवरून जातो त्याच रुळांवर हे सगळं घडलं, आणि सुरुवात एका डिप्लोमाने झाली होती.

मुलींनी कॉम्प्युटर किंवा आयटीच घ्यावं, एसीत बसून काम, सुरक्षित. बरोबर ना?

या प्रश्नावर मी सर्वांत जास्त बोलते, कारण आमच्याकडच्या मुलींच्या वाटा सर्वांत जास्त इथे बंद होतात.

कॉम्प्युटर चांगलीच शाखा आहे. ज्या मुलीला कोडिंगची ओढ आहे तिने जरूर घ्यावी. ऐरोली, महापे, घणसोलीला तिला घराजवळ कामही मिळेल. माझी हरकत ‘मुलींनी’ या शब्दाला आहे. देशभरात अभियांत्रिकी पदवीला दहा विद्यार्थ्यांत साधारण तीनच मुली असतात, आणि त्यातल्याही बहुतेक संगणक आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजूला वळलेल्या. मेकॅनिकलच्या वर्गात त्या बोटांवर मोजाव्या लागतात. या सगळ्या मुलींना यंत्रांचा कंटाळा असेल, हे मला पटत नाही. त्यांना कुणी विचारलंच नाही.

आता आपल्या भागात काय चाललंय ते बघा. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, २१.८ किलोमीटर, बराचसा समुद्रावर. त्यातले खांबांमधले लांब गाळे पेलायला पोलादी डेक, म्हणजे रस्त्याचा पाटा, वापरलेत. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून धावते. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापावी लागली, उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा आपल्या शिळफाट्यापर्यंत येतो आणि त्यातला सात किलोमीटरचा भाग ठाण्याच्या खाडीखालून जातो. ठाणे–बोरिवली जुळा बोगदा राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जाणार आहे. माती तपासणारे, काँक्रीटचं मिश्रण ठरवणारे, बोगद्यात हवा खेळती ठेवणारे, सिग्नल बसवणारे, हे सगळे सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलचे लोक आहेत. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामामुळे आपण सगळ्यांनी वर्षानुवर्षं ट्रॅफिक सोसला. त्या पत्र्यांच्या आत काम करायला आपल्या मुली असायला हव्यात.

आणि ‘कॉम्प्युटरचं क्षेत्र’ तरी नुसतं कॉम्प्युटरवाल्यांचं कुठे आहे? रबाळे-ऐरोलीत मोठमोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत. तिथे सर्व्हर क्षणभरही बंद पडून चालत नाही. वीज गेली की यूपीएसने लगेच भार उचलायचा, पाठोपाठ डिझेल जनरेटर चालू व्हायचे, आणि सर्व्हरची प्रचंड उष्णता चिलरने, म्हणजे थंड करणाऱ्या यंत्राने, सतत बाहेर टाकायची. ही सगळी इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकल इंजिनिअरची कामं आहेत.

राहिलं जड उचलण्याचं. शंभर किलोची मोटर आमच्याकडे कुणीच हाताने उचलत नाही, उचलू देतही नाहीत. चेन ब्लॉक लावतात, क्रेन मागवतात. बेअरिंग का तापतंय हे ओळखायला स्पर्श, आवाज, कंपनाचं मोजमाप आणि डोकं लागतं. दंडाची ताकद लागते हा समज बाहेरच्यांचा आहे.

मुंबईच्याच व्हीजेटीआय या माटुंग्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शकुंतला भगत १९५३ साली सिव्हिल इंजिनिअर झाल्या. पुलाचे ठरावीक साच्याचे सुटे भाग करायचे आणि तेच भाग वेगवेगळ्या तऱ्हेने जोडून हव्या त्या लांबी-रुंदीचा पूल उभारायचा, ही क्वाड्रिकॉन पद्धत त्यांनी पती अनिरुद्ध भगत यांच्यासोबत विकसित केली. १९७२ मध्ये हिमाचलच्या स्पितीमध्ये तसा पहिला पूल बांधला गेला. अवघड डोंगराळ रस्त्यांवर जिथे मोठे गर्डर नेता येत नाहीत तिथे अशा पद्धतीचं मोल फार असतं. सत्तर वर्षांपूर्वी मराठी घरातली एक मुलगी सिव्हिल घेऊ शकली. मग आज आपण घाबरतो कशाला?

मला शाखा कळतच नाही. कशी निवडू?

एनपीटीईएल या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत. तीन-चार शाखांचे सुरुवातीचे एक-दोन तास ऐक. सगळं समजणार नाही. कुठल्या तासाला घड्याळाकडे बघितलं नाहीस ते लक्षात ठेव. जवळच्या कॉलेजात प्रोजेक्टचं प्रदर्शन असतं, तेव्हा जाऊन तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींशी बोल. त्या खरं सांगतात.

ठाण्यातून माटुंग्याला रोज लोकलने? त्यापेक्षा जवळचं कॉलेज बरं नाही का?

प्रवासाची काळजी खोटी नाही, तरी तिची किंमत काय पडते ते पाहा. मुलीला गुण आहेत, माटुंग्याच्या व्हीजेटीआय किंवा आयसीटी (रासायनिक तंत्रज्ञानाची संस्था) यांचा विचार करण्याजोगे गुण आहेत, आणि ऑप्शन फॉर्ममध्ये, म्हणजे पसंतीच्या कॉलेजांच्या यादीत, ती कॉलेजं भरलेलीच नाहीत, कारण वडिलांनी रिक्षाने जाता येईल तेवढीच यादी केली. त्याच घरातल्या मुलाचा फॉर्म पुण्यापासून सुरू होतो. असे फॉर्म मी बघितलेत, आणि दरवेळी जीव तुटतो.

जवळ पर्याय चांगले आहेत, हेही खरं. ठाण्यात कासारवडवली आणि कोपरीला कॉलेज आहेत. ऐरोली, कोपरखैरणे, वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे, नवीन पनवेल या सगळ्या ठिकाणी आहेत. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशी-नेरूळला जाणं मेन लाइनच्या गर्दीपेक्षा सुसह्य पडतं. जवळचं कॉलेज चांगलं म्हणून निवडा, फक्त जवळ म्हणून नको.

आमचा सल्ला असा : प्रवेशाआधी कॉलेजच्या वेळेला आईने किंवा बाबांनी मुलीसोबत एकदा तो प्रवास करावा. सकाळची गर्दीची लोकल, स्टेशनवरून पायी अंतर, संध्याकाळी प्रॅक्टिकल संपल्यावर परतीची वेळ, सगळं डोळ्यांनी बघावं. निम्मी भीती तिथे निघते, उरलेल्या निम्मीवर तोडगा काढता येतो : लेडीज डब्यातला ठरलेला ग्रुप, रेल्वेचा १३९ हा मदत क्रमांक, उशीर झाला तर कुणाला फोन करायचा. मुलींचंच कॉलेज हवं असेल तर जुहूला एसएनडीटी विद्यापीठाचं उषा मित्तल आहे, पुण्याला महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचं कमिन्स आहे. तिथे प्रयोगशाळेतलं प्रत्येक काम मुलींनाच करावं लागतं, आणि हा त्या कॉलेजांचा मोठा फायदा आहे.

चार वर्षांची फी परवडणार नाही. मदत खरंच मिळते का?

मिळते, आणि माहिती नसल्यामुळे हुकते. म्हणून हे सावकाश वाचा.

२०२४-२५ पासून महाराष्ट्र शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या मुलींसाठी शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्काची शंभर टक्के सवलत लागू केली. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना ती मिळते. आधी ही सवलत निम्मी होती. अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी वेगळ्या योजना आहेत. दोन अटी पक्क्या ध्यानात ठेवा. प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नको. आणि खाजगी अभिमत किंवा स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांना ही सवलत नाही. आपल्या भागातली काही जुनी कॉलेजं आता अभिमत विद्यापीठात गेली आहेत, म्हणून कॉलेजचं नाव ओळखीचं वाटलं तरी आज ते कुणाच्या छत्राखाली आहे ते आधी विचारा.

अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर दरवर्षी भरायचा असतो. पहिल्या वर्षी भरला, दुसऱ्या वर्षी विसरले, असं करू नका.

याशिवाय एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) प्रगती शिष्यवृत्ती फक्त मुलींसाठी आहे. डिप्लोमा आणि पदवी दोन्हींना, वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत. ट्यूशन फी वेव्हर, म्हणजे शिक्षणशुल्क माफीच्या, योजनेत प्रत्येक शाखेत पाच टक्के जादा जागा असतात, त्यांची गुणवत्ता यादी बरीच वर जाते. गुण असतील तर फॉर्ममध्ये तो पर्याय नक्की निवडा.

सगळ्यात जास्त घोळ कागदपत्रांत होतो. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला, लागू असेल तर जात पडताळणी आणि नॉन क्रीमी लेयर. पडताळणीला महिने जातात. बारावीचा निकाल लागल्यावर धावपळ करू नका, अकरावीच्या दिवाळीतच फाइल करायला घ्या.

मुलींच्या राखीव जागेतून आली, असं लोक म्हणतील.

म्हणतील. तू कामाला लाग.

राज्यातल्या कॉलेजांत मुलींसाठी तीस टक्के जागा राखीव असतात. आयआयटीत २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा सुरू झाल्या. पहिल्या वर्षी १४ टक्क्यांचं लक्ष्य होतं, २०२० पर्यंत ते २० टक्क्यांवर नेलं. त्याआधी तिथे मुली दहा टक्क्यांच्याही आत होत्या. या जागा वाढवून दिलेल्या आहेत, मुलांच्या जागा कापलेल्या नाहीत, आणि जेईई अॅडव्हान्स्ड ही आयआयटीची प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय त्या कुणालाही मिळत नाहीत. वर्गात एकदा गेल्यावर पेपर सगळ्यांना एकच असतो.

मराठी माध्यमातून शिकले. इंग्रजीत झेपेल का?

पहिले काही महिने जड जातील. जेईई मेन ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा मराठीतूनही देता येते, आणि २०२१-२२ पासून भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी मिळाली आहे. तरी बहुतेक कॉलेजांत शिकवणं इंग्रजीतच आहे, म्हणून तयारी त्याचीच करावी. बारावीत असताना एका वहीत डावीकडे मराठी संज्ञा, उजवीकडे इंग्रजी संज्ञा लिहीत जा : संवेग, जडत्व, रोध, धारकता. विषय मराठीत पक्का कळलेला असला की इंग्रजी शब्द पटकन बसतात. आमच्या गटातल्या निम्म्याहून जास्त जणी मराठी शाळेतल्या आहेत.

प्लांटवर किंवा साइटवर मुलगी सुरक्षित राहील का?

मोठ्या, शिस्तीच्या प्लांटवर यंत्रापासूनची सुरक्षा रस्त्यापेक्षा जास्त असते. परमिट, म्हणजे कामाची लेखी परवानगी, मिळाल्याशिवाय कुणी मशीनला हात लावत नाही, वीज बंद करून कुलूप लावल्याशिवाय काम सुरू होत नाही.

माणसांपासूनच्या सुरक्षेबद्दल, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध, २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती असलीच पाहिजे. मुलाखतीला गेल्यावर समिती कोणाची आहे, रात्रपाळीला ने-आण करायला गाडी मिळते का, प्लांटच्या आत बायकांचं स्वच्छतागृह किती अंतरावर आहे, हे सरळ विचारावं. विचारलं म्हणून नोकरी जात नाही. तोंडं वाकडी झालीच, तर तिथे काय वातावरण आहे ते आधीच कळलं.

गैरसोयी आहेत, त्या लपवणार नाही. माझ्या पहिल्या नोकरीत माझ्या मापाचे सेफ्टी शूज नव्हते. दोन मोजे घालून मी पुरुषांचे बूट वापरले. मोठ्या हातमोज्यांत छोटा नट धरता येत नाही, आणि उंचीवर चढताना सैल हार्नेस धोक्याचा असतो. हे ‘अॅडजस्ट’ करून घ्यायचं नाही. लेखी मागायचं. एकीने मागितलं की पुढच्या पाच जणींना न मागता मिळतं.

लग्नानंतर सोडणारच असेल तर एवढा खर्च कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्या वडिलांवर मी रागावत नाही. पण ‘सोडणारच’ हे कुणी ठरवलं, एवढं विचारते.

ए. ललिता यांचं पंधराव्या वर्षी लग्न झालं, अठराव्या वर्षी पती गेले, पदरात चार महिन्यांची मुलगी. त्या काळात, मद्रासमध्ये. वडील गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक होते. त्यांनी मुलीला तिथेच घातलं. १९४३ मध्ये त्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या, भारतातल्या पहिल्या महिला इंजिनिअर म्हणून त्यांचं नाव घेतात. पुढे भाक्रा-नांगलच्या वीज यंत्रणेच्या कामातही त्यांचा वाटा होता. मुलगीही वाढवली. त्यांना वडिलांची साथ होती, ही गोष्ट मी प्रत्येक वडिलांना मुद्दाम सांगते.

आज कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे, पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. तरीही मुलाची पहिली तीन वर्षं अवघड असतात, आणि अनेक जणी तिथेच गळतात. उपाय लग्नाआधीच्या बोलण्यात आहे. पत्रिका बघतो, पगार विचारतो; तसंच मुलाला विचारा, तिची शिफ्ट असेल त्या रात्री बाळाकडे कोण बघणार. उत्तर देताना त्याने आईकडे बघितलं, तर मुलीने आणखी विचार करावा.

मी सातवीपर्यंत शिकले आहे. मुलीला कशी मदत करू?

ताई, तुम्ही ब्लाउज शिवता ना? सपाट कापडावर मापं घेऊन, कुठे किती चुणी, किती मुंढा, हे मनात बघून तुम्ही अंगाला बसणारी वस्तू उभी करता. आमच्याकडे पत्रा कापून पाइपचा बाक किंवा नरसाळं बनवतात तेव्हा अगदी हेच करतात. मुलीला शेजारी बसवा आणि कटिंग शिकवा. आणि तिचा अभ्यास चालू असताना पाहुणे आले तर चहाला तिला उठवू नका. भावाला उठवा.

मी शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात काय बदलू?

प्रयोगाच्या वेळी गटांकडे नीट बघा. मुलगा तारा जोडतो, मुलगी वाचनं लिहून घेते, कारण तिचं अक्षर चांगलं. वर्षभर असंच चालतं, आणि दहावीला तिची जर्नल सुंदर असते पण तिने अॅमीटर एकदाही जोडलेला नसतो. प्रत्येक प्रयोगाला कामं फिरवा, किंवा अधूनमधून फक्त मुलींचे गट करा. फळ्यावर गणित सोडवायला बोलावताना थोडं थांबा. पहिला हात बहुतेक मुलाचा वर येतो, दहा सेकंदांनी मुलींचेही येतात.

आणि कृपा करून ‘मुली असून किती छान केलं’ असं म्हणू नका. छान केलं, एवढं पुरे.

पहिल्या सत्रात दोन विषयांत केटी लागली, म्हणजे ते विषय राहिले. मी चुकीच्या ठिकाणी आले का?

नाही. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या वर्षाला केटी लागलेल्यांची मोजदाद केली तर तुझ्या कॉलेजचा कॅन्टीन भरेल. मुलं केटीबद्दल मोठ्याने बोलतात, मुली लपवतात, म्हणून तुला वाटतं की तू एकटीच आहेस. गणित आणि मेकॅनिक्सला बहुतेकदा पाया कच्चा राहिलेला असतो. बारावीचं कॅल्क्युलस आणि व्हेक्टर पुन्हा काढ, तेवढ्याने बराच फरक पडतो. ड्रॉइंग राहिलं असेल तर रोज एक शीट, पूर्ण, स्केल लावून. दुसरीची शीट काचेवर ठेवून ट्रेस करू नकोस. सीनियर मुलींपैकी एकीला गाठ आणि तिला कोणत्या विषयात केटी होती ते विचार. ती हसून सांगेल आणि नोट्सही देईल. घरी आजच सांगून टाक. आणि परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख नोटीस बोर्डावर बघून आधी फॉर्म भर.